ह्री आणि लोकलज्जा

सप्तशतीच्या पाचव्या अध्यायात देवांनी जी देवीची स्तुती केली आहे तीत, सर्व प्राण्यांच्या ठिकाणी लज्जेच्या रूपाने वास करणाऱ्या देवीला नमस्कार केलेला आहे. बंगाल प्रांतात या स्तुतीचा परिचय नाही असे घर विरळाच. महालयाच्या पहाटे कलकत्त्याच्या बालीगंज भागातील गल्ल्यांतून फिरणाऱ्यास उघड्या खिडक्यांतून आकाशवाणीवरचा तो चंडीपाठ ऐकू येतो. १९३०च्या दशकात सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे. परंतु ज्या बंगालने लज्जेला देवीचे रूप मानले, त्याच बंगालच्या शाक्त तंत्रपरंपरेत लज्जेची गणना अष्टपाशांमध्ये केलेली आहे. घृणा, लज्जा, भय इत्यादी आठ पाशांनी बांधला गेला म्हणजे शिवच पशू होतो, आणि ते पाश तुटले म्हणजे पशूच शिव होतो, असा त्या शास्त्राचा अभिप्राय आहे. तेव्हा जी वस्तू एका ठिकाणी वंदनीय देवता आहे, तीच दुसऱ्या ठिकाणी तोडून टाकण्याजोगी बेडी कशी ठरते?

गीतेच्या अभ्यासकापुढेही हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहतो. सोळाव्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले, त्यांत ‘ह्री’ म्हणजे लज्जा हा एक गुण आहे. उलट, बाराव्या अध्यायात जो भक्त भगवंतांना प्रिय आहे तो मान आणि अपमान समान मानणारा, निंदा आणि स्तुती यांना एकाच मापाने मोजणारा असा वर्णिलेला आहे. चौदाव्या अध्यायातील गुणातीत पुरुषाचे लक्षणही तेच आहे. ज्याला अपमानाचे काही वाटत नाही त्याला लाज ती कशाची वाटावयाची? आणि ज्याला लाज वाटते तो अपमानाच्या पलीकडे कसा गेला?

हा केवळ शब्दांचा वाद नाही. ज्याच्या व्यापारात खोट आली तो मनुष्य ओळखीच्या माणसांचा रस्ता टाळून आडवाटेने घरी जातो. परीक्षेत नापास झालेला मुलगा निकालाच्या दिवशी घरी तोंड दाखवीत नाही, आणि क्वचित कायमचेच दाखवीत नाही. अंगावर कोडाचा डाग उठला, घरात कोणाचे चित्त भ्रमले, मुलीला सासरी छळ होतो असे कळले, तर ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने वैद्याचा, न्यायाचा आणि माहेरचाही दरवाजा बंद होतो. असे मनुष्य दोन आयुष्ये जगते. एक लोकांना दाखविण्याचे आणि दुसरे झाकून ठेवण्याचे. या दोहोंच्या ओढाताणीत जी शक्ती खर्च होते ती साधनेला उरत नाही, संसारालाही उरत नाही. म्हणून लज्जेचा विचार हा साधकाच्या रोजच्या जीवनाचा विचार आहे.

या प्रश्नाची किल्ली गीतेच्या त्या गुणमालिकेतच आहे. मालिकेतील पहिला गुण ‘अभय’ आहे. ज्या संपत्तीचा आरंभ अभयाने होतो, तिच्यात पुढे येणारी लज्जा भयाच्या पोटी जन्मलेली असणे शक्य नाही. भीती आणि निर्भयता एका ठिकाणी नांदत नाहीत. लोकलज्जा ही तर भीतीच होय. दुसऱ्याच्या नजरेची, त्याच्या हसण्याची, त्याने पाठ फिरविल्यास एकटे पडण्याची ती भीती आहे. तेव्हा गीतेला अभिप्रेत असलेली ह्री ही लोकलज्जेहून निराळी असली पाहिजे. तिचे शेजारी पाहिले तरी हेच दिसते. तिच्या एका बाजूस मार्दव आहे आणि दुसऱ्या बाजूस अचापल्य आहे. मनाचा कोवळेपणा आणि मनाची स्थिरता यांच्या मध्ये तिचे स्थान आहे. रामानुजाचार्यांनी तिचा अर्थ, करू नये ते करण्याची लाज, असा केला आहे. ज्ञानेश्वर महाराज तर आणखी खोल गेले. साडेतीन हातांच्या देहात प्रेतवत जगत राहावे आणि पुनःपुन्हा जन्मून पुनःपुन्हा मरावे, याचीच ज्ञानी पुरुषाला लाज वाटते, असे विवरण त्यांनी या पदावर केले आहे. या दोन्ही अर्थांत पाहणारा दुसरा कोणी नाही. लाज वाटते ती आपल्याच अंतःकरणातील साक्षीसमोर.

सारांश, ह्री विचारते की, ‘हे योग्य आहे काय?’ लोकलज्जा विचारते की, ‘हे कोणी पाहिले काय?’ अंधारात केलेल्या चोरीने ह्री जागी होते, लोकलज्जा झोपी जाते. भर दिवसा केलेल्या सत्कृत्याने लोकलज्जा कधी कधी थरथर कापते, पण ह्री शांत असते. नाव एकच असल्यामुळे मनुष्य या दोहोंची गल्लत करतो आणि लोकांच्या भीतीलाच आपला विवेक समजून बसतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच अर्जुनाला लोकनिंदेचा धाक घातलेला नाही काय? संभावित पुरुषाला अपकीर्ती ही मरणाहून वाईट, महारथी तुला भ्याड म्हणतील, शत्रू नाही नाही ते बोलतील, असे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. मग लोकलज्जा त्याज्य कशी? याचे उत्तर शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात देऊन ठेवले आहे. तो भाग अर्जुनाचा शोक घालविण्यासाठी सांगितलेला लौकिक न्याय आहे, गीतेचे तात्पर्य तेथे नाही, असा त्यांचा निर्णय आहे. ग्रंथाची रचनाही याला साक्ष देते. अपकीर्तीचा मुद्दा संपताच लागलीच सुखदुःख, लाभालाभ आणि जयापजय समान मानून कर्म करण्याचा उपदेश येतो आणि त्यापुढे योगबुद्धीचा विचार सुरू होतो. अठराव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत लोकनिंदेचा तो धाक पुन्हा कोठेही आलेला नाही. मोडलेल्या पायाच्या माणसाला आधी कुबडी द्यावी लागते, परंतु वैद्याचा हेतू त्याला स्वतःच्या पायावर उभे करण्याचा असतो. लोकलज्जा ही अशी कुबडी आहे. अप्रबुद्ध मनाला ती कधी कधी पापापासून आवरते, हे खरे. परंतु जो तिच्यावरच आयुष्यभर टेकून राहिला तो चालावयास शिकला असे म्हणता येत नाही.

या सिद्धांताचे आचरण कसे दिसते, हे पाहण्यासाठी पुन्हा बालीगंजकडेच वळावे. तेथील आजच्या गुरुसदय मार्गाचे पूर्वीचे नाव स्टोअर रोड असे होते. या रस्त्यावरील एका घरात सत्येंद्रनाथ ठाकूर आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांचे उत्तरायुष्यात वास्तव्य होते. सत्येंद्रनाथ हे महर्षी देवेंद्रनाथांचे द्वितीय पुत्र आणि रवींद्रनाथांचे वडील बंधू. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. परंतु मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी अशी कारणे निराळीच आहेत. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. ते मराठी शिकले, तुकोबांच्या अभंगांची त्यांनी बंगालीत भाषांतरे केली आणि गीतेचेही बंगाली भाषांतर केले. त्यांचे धाकटे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी तर लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ बंगालीत उतरविले.

ज्ञानदानंदिनी देवींचा जन्म १८५० सालचा. लहान वयातच, १८५९ मध्ये, त्या जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात सून म्हणून आल्या. त्या काळी थोर घराण्यांतील स्त्रियांचे सर्व आयुष्य अंतःपुरात जात असे. परपुरुषाच्या दृष्टीस पडणे ही कुळाची लाज समजली जाई. त्यांच्या आठवणी त्यांची कन्या इंदिरा देवी यांनी ‘पुरातनी’ या ग्रंथात संपादित केल्या आहेत. त्यांत एक प्रसंग आहे. सत्येंद्रनाथांचे स्नेही मनोमोहन घोष यांना वहिनींची भेट हवी होती. बाहेरच्या पुरुषाला अंतःपुरात प्रवेश नव्हता. म्हणून सत्येंद्रनाथांनी रात्री त्यांना आपल्या पावलाशी पाऊल जुळवून चालवीत आत नेले आणि मच्छरदाणीत बसवून दिले. आत दोघेही लाजेने मान खाली घालून बसले. कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. काही वेळाने पाहुणे आले तसेच परत गेले. या प्रसंगात गैर असे काहीही नव्हते, आणि तरीही दोन निरपराध माणसे अपराध्यांप्रमाणे गप्प बसली. लोकलज्जेचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल. तेथे पापाचा लवलेशही नव्हता, असलीच तर पाहिले जाण्याची भीती होती.

१८६४ साली सत्येंद्रनाथ विलायतेहून परतले आणि पत्नीला घेऊन मुंबईस जाण्यास निघाले. महर्षींनी संमती दिली, परंतु घरच्या सुनेने बाहेरच्या चौकातून पायी चालत जाणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून ती वाट पालखीतून पार पडली. दुसरा प्रश्न वस्त्राचा होता. बंगालमधील स्त्रिया त्या काळी घरात केवळ एक साडी गुंडाळीत, आत चोळी वा परकर घालण्याची चाल नव्हती. अंतःपुराबाहेर जाण्याजोगे वस्त्रच नव्हते. तेव्हा एका फ्रेंच शिंप्याच्या दुकानातून एक ‘पौर्वात्य’ म्हणविला जाणारा पोशाख करून आणला गेला. तो इतका अवघड होता की, त्यांना तो स्वतःच्या हातांनी घालता येत नसे, पतीला साहाय्य करावे लागे.

मुंबईत काही दिवस त्यांचा मुक्काम माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी झाला. तेथील स्त्रिया मोकळेपणाने वावरत. त्यांची साडी नेसण्याची पद्धत ज्ञानदानंदिनींनी पाहिली, तीत आपल्या सोयीने फेरफार केला, पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि आत पोलके व परकर यांची जोड दिली. पुढे ‘वामाबोधिनी पत्रिके’त जाहिरात देऊन त्यांनी इतर स्त्रियांनाही ही पद्धत शिकविण्याची तयारी दाखविली. आज भारतात बहुसंख्य स्त्रिया ज्या रीतीने साडी नेसतात तिच्या घडणीत या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

या वस्त्राच्या गोष्टीतच गीतेतील ह्री आणि लोकलज्जा यांचा भेद मूर्तिमंत उभा आहे. ज्या स्त्रीला लोकांनी निर्लज्ज म्हटले, तिनेच अंगभर वस्त्राची चाल आणली. आणि जे अंतःपुर लज्जेचे माहेरघर समजले जात होते, तेथे पुरेसे वस्त्र असावे ही गरज कोणाला जाणवली नव्हती. याचे कारण उघड आहे. तेथे लज्जेचे रक्षण भिंतीकडे सोपविलेले होते. पाहणारा नाही, तेव्हा लाजही नाही. भिंत मागे पडली तेव्हा शालीनता स्वतःच्या अंगावर वागवावी लागली. लोकलज्जा गेली, ह्री मात्र गेली नाही, उलट तिला प्रथमच स्वतःचे घर मिळाले. त्या फ्रेंच पोशाखाचा धडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका समाजाच्या नजरेतून सुटून दुसऱ्या समाजाच्या नजरेत बसण्यासाठी केलेले वस्त्र स्वतःच्या हातांनी घालताही येत नाही. परधर्म भयावह आहे असे भगवंत म्हणतात, त्याचा अर्थ येथे सहज उमगतो. स्वतःच्या प्रकृतीला, परंपरेला आणि कर्तव्याला साजेल असे जे विचारपूर्वक निवडले, तेच अंगाला बसते.

परंतु या मार्गावर किंमत मोजावी लागते, हे सांगितल्याविना विषय पुरा होत नाही. १८६६ साली कलकत्त्यास परत आल्यावर ज्ञानदानंदिनी देवी गव्हर्नर जनरलच्या प्रासादातील समारंभास गेल्या. त्यांच्याच नात्यातील प्रसन्नकुमार ठाकूर तेथे होते. घरची सून अशी चारचौघांत आलेली पाहून ते लाजेने व संतापाने तेथून निघून गेले. सून गाडीतून उघडपणे दाराशी उतरली त्या दिवशी घरात जो शोक झाला त्याचे वर्णन नणंद स्वर्णकुमारी देवींनी करून ठेवले आहे. कित्येक दिवस त्या घरात राहूनही वाळीत टाकल्यासारख्या होत्या. इतर स्त्रिया त्यांच्याबरोबर जेवावयास, मिसळावयास कचरत असत. ज्याला निंदास्तुती समान झाली त्याला दुःख होत नाही, असा गीतेचा अर्थ करणे चूक ठरेल. दुःख होते, परंतु त्या दुःखाच्या सांगण्यावरून तो आपला मार्ग बदलीत नाही, आणि दुःख देणाऱ्याविषयी मनात विष साठवीत नाही. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, असे भक्ताचे आणखी एक लक्षण बाराव्या अध्यायात आहे. या दांपत्याने घर तोडले नाही, वडिलांचा अनादर केला नाही. पालखीची अट मान्य करून त्यांनी वडिलांच्या मनाचा मान राखला आणि आपला मार्गही सोडला नाही. यथाकाल त्याच घरातील स्त्रिया त्या नव्या रीतीने साडी नेसून बाहेर पडू लागल्या.

येथे कोणी म्हणेल की, यात त्या स्त्रीचे स्वतःचे असे काय होते? पतीने नेले म्हणून ती गेली. आरंभापुरते हे खरे आहे. पहिले पाऊल बहुधा दुसऱ्याच्या धैर्याच्या आधारानेच पडते. शिष्य गुरूच्या, मूल आईच्या, आणि कुरुक्षेत्रावर अर्जुन सारथ्याच्या आधाराने उभा राहिला. परंतु उसने धैर्य पुढे आपले झाले की नाही, हे पाहावयाचे असते. १८७७ साली ज्ञानदानंदिनी देवी पतीवाचून, तीन लहान मुलांना बरोबर घेऊन समुद्रमार्गे इंग्लंडला गेल्या. सत्येंद्रनाथ पुढील वर्षी तेथे पोहोचले. जी मुलगी मच्छरदाणीत मान वर करू शकली नव्हती, तिच्या ठिकाणी हे धैर्य कोणाचे उसने राहिलेले नव्हते.

सत्येंद्रनाथांनी ज्यांचे अभंग बंगालीत नेले त्या तुकोबांचे चरित्र याच सत्याची दुसरी बाजू दाखविते. दुष्काळात व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पत्नी अन्न अन्न करीत गेली. या दुःखाने आपला जीव लाजला, असे तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वच्छ सांगितले आहे. आणि त्याच अभंगात पुढे, संतांच्या पायांचे तीर्थ घेताना आपण मनात लाज येऊ दिली नाही, असेही सांगितले आहे. एकाच माणसाच्या तोंडी लाजेचे हे दोन उल्लेख आले आहेत. पहिली लाज त्यांनी लपविली नाही, ती अभंगात घालून देवापुढे आणि लोकांपुढे मांडली, आणि मांडताच तिचे ओझे उतरले. दुसरी लाज त्यांनी दारातूनच परत पाठविली. जनाबाईंनीही डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारातून भजन करीत जाण्याचा निश्चय एका अभंगात बोलून दाखविला आहे. जनाबाईंनी पदर ढळू दिला आणि ज्ञानदानंदिनींनी तो नीट बसविला. बाह्य कृती उलट दिसतात, परंतु दोघींच्याही ठिकाणी पदराचा निर्णय लोकांच्या हातून काढून घेतलेला आहे.

तथापि साधकाने येथे सावध राहिले पाहिजे. लोकलज्जा टाकणे सोपे आहे, कारण तिच्या जागी अहंकार बसवून देता येतो. ‘मी कोणाची पर्वा करीत नाही’ असे जो पुनःपुन्हा लोकांनाच ऐकवितो, त्याला लोकांची पर्वा अद्याप सुटलेली नाही. सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा यांसाठी केलेले तप राजस म्हटले आहे. मानासाठी केलेला लज्जात्यागही राजसच होय. आणि ज्याने लोकलज्जेबरोबर ह्रीचीही हकालपट्टी केली तो तर सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीत जाऊन पडला. तेव्हा परीक्षा अशी करावी. जे कृत्य लोकांपासून लपवावेसे वाटते, ते एकांतात देवापुढे उभे राहून निःसंकोच सांगता येते काय? येत असेल तर ती लोकलज्जा आहे, ती हळूहळू, कोणाचा द्वेष न करता, सोडावी. येत नसेल तर ती ह्री आहे, तिचे ऐकावे आणि कृत्य सोडावे. जे घडून गेले आहे, जसे कर्ज, रोग, अपयश किंवा चूक, ते प्रथम देवापुढे, मग एका विश्वासू माणसापुढे बोलावे. उघड झालेली व्यथा निम्मी होते, याचा अनुभव प्रत्येकाला घेता येईल. त्याचप्रमाणे, दुसऱ्याच्या झाकलेल्या व्यथेवर हसणारी नजर आपली नसावी, हेही साधकाचे कर्तव्य आहे. लोकलज्जेचा तुरुंग लोकांच्याच डोळ्यांनी बांधलेला असतो, आणि त्या लोकांत साधकही असतो.

गीतेत खुद्द अर्जुनही एकदा लाजला आहे. विश्वरूप पाहिल्यावर त्याला आठवले की, ज्याला आपण सखा म्हणून हाक मारली, बसता-उठता, जेवताना, थट्टेत ज्याचा मान राखला नाही, तो साक्षात जगाचा स्वामी आहे. परंतु या लाजेने तो पळून गेला नाही, त्याने तोंड लपविले नाही. पित्याने पुत्राचे आणि मित्राने मित्राचे सोसावे तसे माझे सोसा, अशी त्याने हात जोडून प्रार्थना केली. आणि भगवंतांनी त्याला दूर लोटले नाही. भय टाकून प्रसन्न मनाने पाहा, असे म्हणून आपले तेच सौम्य रूप पुन्हा दाखविले. लोकांपुढची लाज माणसाला लोकांपासूनही तोडते आणि स्वतःपासूनही तोडते. ईश्वरापुढची लाज त्याला ईश्वराच्या अधिक जवळ नेते. जी लज्जा सर्व भूतांच्या ठिकाणी देवीरूपाने वास करते ती हीच.